टोबियाच्या मागून निघालेला कुत्रा



आपल्या कॅथोलिक बायबलमध्ये टोबीतचे पुस्तक आहे. कोल्हापूर भागात आपल्यापैकी पुष्कळांचे पाहुणे-रावळे प्रॉटेस्टंट मंडळींत आहेत. त्यांच्या बायबलमध्ये हे पुस्तक छापलेले नसते, म्हणून की काय, ते आपल्या घरांतही फारसे उघडले जात नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी जरूर वाचा. चौदाच अध्याय आहेत. म्हातारा टोबीत आंधळा झालेला आहे, घरात पैसा उरलेला नाही, आणि मुलगा टोबिया दूरदेशी ठेवलेली रक्कम परत आणायला निघतो. सोबतीला एक अनोळखी तरुण मिळतो. तो महादूत रफाएल असतो, पण हे घरात कोणालाच ठाऊक नसते. दोघे उंबरठा ओलांडतात आणि लेखक जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो: घरातला कुत्राही त्यांच्या मागून निघाला.

पुढे नदीतला मासा येतो, टोबियाचे लग्न होते, रक्कम हाती येते, पण कुत्र्याचा उल्लेख नाही. अकराव्या अध्यायात सगळे घराकडे परत फिरतात तेव्हा तो पुन्हा एकदा दिसतो, मागून चालत येताना. एवढेच. तो कोणाला वाचवत नाही, भुंकून कोणाला सावध करत नाही, त्याला नावसुद्धा नाही. मला नेहमी वाटते, ज्याने हे लिहिले त्याच्या स्वतःच्या घरी कुत्रा असला पाहिजे. ज्याच्या घरी कुत्रा नाही त्याला असे सुचणार नाही.

रफाएल या नावाचा अर्थ ‘देव बरे करतो’ असा आहे. मिखाएल, गॅब्रिएल आणि रफाएल या महादूतांचा सण २९ सप्टेंबरला येतो. त्याच्या आदल्या दिवशी, २८ सप्टेंबरला, जगभर रेबीज दिन पाळतात, कारण रेबीजवरची लस देणाऱ्या लुई पाश्चर यांचा १८९५ साली त्या तारखेला मृत्यू झाला. आणि ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. हे तीन दिवस एकाच आठवड्यात बसतात. पुढच्या रविवारी आपण दरवर्षीप्रमाणे पाळीव प्राण्यांना आशीर्वाद देणार आहोत. त्याआधी मला तुम्हाला गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मी वर्षभर उशीर केला.

गेल्या वर्षी मिस्सानंतर आवारात किती गर्दी झाली होती ते तुम्हाला आठवत असेल. कुत्री, मांजरे, दोन शेळ्या, पिंजऱ्यातले लव्हबर्ड्स. एका कुटुंबाने म्हैस आणू का म्हणून विचारले होते, मी नको म्हणालो, त्याची मला अजून रुखरुख आहे. त्या गर्दीत एका घरच्या मुलांनी एक पिल्लू आणले होते. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीमागे ते त्यांना चार-पाच दिवसांपूर्वी सापडले होते. पिल्लू मलूल होते, तोंडातून लाळ गळत होती, मान धरवत नव्हती. मुले म्हणाली, “फादर, हे आजारी आहे, ह्याला जास्त पाणी शिंपडा.” मी त्याला हातात घेतले, प्रार्थना म्हटली, भरपूर पाणी शिंपडले आणि म्हणालो, होईल बरे. मुलांनी ते आळीपाळीने कडेवर घेतले. फोटो काढले.

चार दिवसांत ते पिल्लू मेले. मुलांनी रडून रडून ते मोकळ्या प्लॉटवर पुरले. मला यातले काहीच कळले नाही.

त्यानंतर आठवड्याने आपला एक वेदीसेवक मिस्सा झाल्यावर सॅक्रिस्टीत रेंगाळत राहिला. ही कन्फेशनमधली गोष्ट नव्हे, हे आधीच सांगतो, आणि त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या परवानगीनेच ती इथे लिहीत आहे. तो म्हणाला, “फादर, त्या दिवशी ते पिल्लू मला चावलं होतं. बोटाला. थोडंसंच.” त्याने घरी हळद लावली होती आणि खेळताना लागले असे सांगितले होते. का लपवलेस म्हणून विचारले तर दोन कारणे दिली. एक, पप्पा रागावतील. दोन, शाळेत कोणीतरी सांगितले होते की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने देतात.

मी त्याच्या वडिलांना फोन केला. ते दुसऱ्या शिफ्टला होते, घरीच सापडले. आम्ही तिघे तडक सीपीआरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एका शब्दाने मुलाला रागावले नाही. उपचार सुरू केले. मग कागद लिहिता लिहिता त्यांनी मला विचारले, “पिल्लाला लस दिली होती का?” माझ्या ओठांवर जे उत्तर आले ते मी गिळले. मी त्याला आशीर्वाद दिला होता. लस दिली आहे का, हे विचारायचे मात्र माझ्या मनातही आले नव्हते.

त्या पिल्लाला ज्यांनी ज्यांनी हाताळले त्यांची यादी आम्ही केली. मुले, एक आई, धर्मशिक्षणाच्या एक ताई, आणि मी. माझ्या हाताला बागकामाचे ओरखडे होते आणि पिल्लाने हात चाटला होता. ज्यांना ज्यांना डॉक्टरांनी सांगितले त्या सर्वांनी इंजेक्शने पूर्ण घेतली. देवाच्या कृपेने सगळे सुखरूप आहेत. पिल्लू नेमके कशाने गेले हे आम्हाला कधीच कळणार नाही. रेबीज असेल, डिस्टेंपर असेल, दुसरेही काही असेल. तपासणी करायला काही उरले नव्हते. पण ते दिवस त्या मुलाच्या आईने कसे काढले, ते मी पाहिले आहे.

म्हणून आज जरा रेबीजबद्दल बोलू या. चर्चच्या पत्रकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. त्यांनी त्या माऊलीला विचारावे.

रेबीजची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की तो जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे. मात्र चावल्यानंतर वेळेत व पूर्ण उपचार घेतला तर तो जवळजवळ हमखास टाळता येतो. लक्षणे दिसायला साधारणतः काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि तोच आपल्या हातातला वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात आणि त्यांतली सुमारे ३६ टक्के आपल्या भारतात. माणसाला होणारा रेबीज बहुतांश कुत्र्यांमुळेच होतो, आणि संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. मुले कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतात, आणि मुले लपवतात. आईवडिलांनो, एवढे करा: आज घरी गेल्यावर मुलांना सांगा की कुत्रे, मांजर, माकड, काहीही चावले किंवा ओरखडले तर लगेच सांगायचे, आणि सांगणाऱ्याला कोणी रागावणार नाही. आणि मग खरोखर रागावू नका.

चावल्यावर पहिले औषध प्रत्येकाच्या मोरीत असते: साबण आणि वाहते पाणी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. हळद नको, तिखट नको, चुना नको, तेल नको. घट्ट पट्टी बांधायची नाही. गावठी मुळी देणारे, पाणी मंतरून देणारे आपल्या भागात अजून आहेत. त्यांच्याकडे गेलेला एक दिवस कधीकधी आयुष्याएवढा महाग पडतो. धुऊन झाले की सरळ दवाखाना. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. दंडावर चार-पाच फेऱ्यांत देतात, आणि रक्त आलेल्या जखमेत त्याखेरीज वेगळे सीरमही भरतात. शेवटची फेरी अठ्ठाविसाव्या दिवशी येते, तोवर जखम भरलेली असते आणि माणूस विसरतो. विसरायचे नाही. कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवतात, पण म्हणून पहिले इंजेक्शन थांबवत नाहीत.

आणि बेंबीभोवतीची ती चौदा इंजेक्शने? ती गोष्ट खोटी नव्हती, जुनी आहे. कसौलीला १९११ च्या सुमारास डेव्हिड सेंपल यांनी तयार केलेली लस आपल्या देशात नव्वदेक वर्षे वापरात होती. ती पोटावर रोज एक अशी दिली जाई आणि दुखेही. ती केव्हाच बंद झाली. तुमच्या आजोबांनी जे सोसले त्याची भीती नातवाला वाटते आहे, एवढेच.

म्हैस पाळणाऱ्यांना आणखी एक सांगतो, कारण हे फारसे कोणी सांगत नाही. म्हैस किंवा गाय अचानक वैरण गिळेनाशी झाली, लाळ गाळू लागली, वेगळ्याच आवाजात हंबरू लागली, की आपण म्हणतो घशात काहीतरी अडकले, आणि हात आत घालतो. पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले जनावर असेच वागते. हात घालू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

आता कोणी विचारील, मग आशीर्वादाचा उपयोग काय? हा प्रश्न मी स्वतःला त्या दिवशी सीपीआरच्या बाकावर बसून विचारला होता. मला जे उमगले ते असे.

सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या टोकावर नेले आणि सुचवले की खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. प्रभूने उडी टाकली नाही. देवदूत झेलणार नाहीत म्हणून नव्हे. देवाला पारखून पाहायचे नसते म्हणून. जो जिन्याने खाली उतरू शकतो त्याने उडी मारणे ही श्रद्धा नव्हे. लस न देता नुसता आशीर्वाद घ्यायला येणे त्या उडीच्या फार जवळ जाते, आणि ती उडी गेल्या वर्षी तुमच्या धर्मगुरूनेच मारली.

बेन सिराकच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याला मान द्या म्हणून सांगतो. वैद्य देवाने निर्माण केला, औषधेही त्यानेच जमिनीतून उगवली, आणि शहाणा माणूस त्यांचा तिटकारा करत नाही. तोच अध्याय आजाऱ्याला प्रार्थना करायलाही सांगतो आणि मग म्हणतो, वैद्यालाही येऊ दे. दोन्ही एकाच श्वासात. टोबीतच्या पुस्तकात तर साक्षात ‘देव बरे करतो’ हे नाव धारण करणारा महादूत घरात उभा आहे. त्याने नुसता हात ठेवला असता तरी म्हाताऱ्याला दिसले असते. पण त्याने टोबियाला माशाचे पित्त जपून ठेवायला लावले आणि ते बापाच्या डोळ्यांत घालायला सांगितले. महादूतसुद्धा औषध वापरतो. मग आपण कोण?

बापाच्या डोळ्यांवरची पापुद्री सोलून निघाली तेव्हा तो कुत्राही अंगणात कुठेतरी असणार.

आपल्या भागात जनावरांच्या डॉक्टरांचे महत्त्व कोणाला शिकवायला नको. गोकुळ दूध संघ १९६३ साली सुरू झाला, आणि दुधाच्या पैशांवर ज्यांची शिक्षणे झाली अशी माणसे आपल्या मिस्सात दर रविवारी बसलेली असतात. म्हशीला ताप भरला तर रात्री अकरालाही डॉक्टर येतो, आणि आपण कंदील धरून उभे राहतो. तेच घर, तीच दावण, पण दारातला कुत्रा चार दिवस खात नसेल तर आपण म्हणतो, खाईल उद्या. म्हैस दूध देते. तिच्या आजाराचा हिशेब लागतो. कुत्र्याचा लागत नाही.

बेन सिराकही म्हणतो की उपयोगाचे जनावर असेल तर जपून ठेव. त्यात चूक नाही. पण नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायातला दहावा श्लोक थोडा पुढे जातो. तिथे नीतिमान माणसाची ओळखच अशी दिली आहे की त्याला आपल्या जनावराच्या जिवाची कळ असते. दूध किती देते, हे तिथे विचारलेले नाही. आणि नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचे पाप दाखवताना कोणता दाखला दिला ते आठवा. गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्या ताटातले खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी, लेकीसारखी वाढलेली. राजाच्या काळजाला हात घालायला संदेष्ट्याला पाळीव जनावरच सापडले.

कुत्र्याला करायचे ते फार नाही. दीड-दोन महिन्यांचे झाले की पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची लस सुरू करायची आणि डॉक्टर सांगतील तसे डोस पुरे करायचे. पार्व्होने पिल्लाला रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत ते हातचे जाते. ‘उद्या बघू’ला तिथे जागा नाही. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, नंतर बूस्टर, मग दरवर्षी. मांजरालाही रेबीजची लस लागते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. जंताचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त, प्यायला स्वच्छ पाणी. आणि आपल्या औषधाच्या डब्यातली गोळी द्यायची नाही. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, आणि अंगदुखीच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या आतड्याला जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होतात. प्रेमापोटीच होते हे, म्हणून जास्त वाईट वाटते.

एमआयडीसीत राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात त्या कूलंटमध्ये बहुधा एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड लागते, आणि जमिनीवर सांडलेले कुत्रे-मांजर चाटते. थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे जातात. सांडले तर माती टाकून उचला, पाण्याने धुऊन काढा. शेडमधल्या लोखंडी बरीत उघड्या पायांनी फिरणाऱ्या कुत्र्याचे पंजे कधी उलटून पाहिलेत का? मी एकदा पाहिले, आणि त्यानंतर त्या शेडच्या मालकांशी माझे जरा वाजले. ते आपल्या धर्मग्रामातले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो कोपरा झाडून घ्यायला सुरुवात केली, हे सांगायलाच हवे.

गेटवरच्या कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. रात्रपाळीला वॉचमनच्या सोबतीला बांधलेला कुत्रा दिवसाही त्याच साखळीत असतो का? एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखाली, भट्टीच्या झळीत, त्याला पाणी कोण भरते? शब्बाथाची आज्ञा दिली तेव्हा देवाने विश्रांतीच्या यादीत बैल आणि गाढव ही नावे मुद्दाम घातली. आपण रविवारी मिस्साला येतो. गेटवरच्या त्या मुक्या कामगारालाही सातव्या दिवशी अर्धा तास मोकळे सोडता येईल की नाही, एवढे बघा.

बलाम संदेष्ट्याच्या गाढवीची गोष्ट तुम्ही धर्मशिक्षणात ऐकली असेल. पुढे वाट अडवून उभा असलेला देवदूत तिला दिसत होता, संदेष्ट्याला दिसत नव्हता. ती अडली म्हणून त्याने तिला तीनदा मारले. मुके जनावर वेगळे वागू लागले की त्याला काहीतरी कळलेले असते, किंवा काहीतरी होत असते. नेहमी अंगावर उड्या मारणारा कुत्रा कॉटखाली अंधारात जाऊन बसला, आवाज बदलला, गिळता येईना, तर काठी घेऊ नका आणि जवळही जाऊ नका. मुलांना लांब ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

खर्चाचेही बोलले पाहिजे, कारण मंडळी मला विचारतात. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये २४१५ ते २४१८ या परिच्छेदांत प्राण्यांबद्दलची शिकवण आहे. प्राणी देवाची निर्मिती आहेत, त्यांना दयेने वागवणे हे आपले देणे आहे, आणि त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे चर्च सांगते. त्याच ठिकाणी असेही म्हटले आहे की जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणासाठी लागायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. दोन्ही वाक्ये एकत्र वाचा. हजारो रुपये देऊन बर्फाच्या प्रदेशातली केसाळ हस्की इथल्या उन्हात आणायची, तिच्यासाठी दिवसभर एसी लावायचा, आणि शेजारच्या खोलीत ओडिशाहून आलेला कामगार तापाने फणफणतोय त्याला विचारायचे नाही, हे ख्रिस्ती घराला शोभत नाही. पण लस हा शौक नव्हे. रेबीजच्या लसीचा खर्च एका चांगल्या मटणाच्या ताटाच्या आसपास येतो आणि तो वर्षातून एकदाच असतो. तेवढाही जमत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि तेही जमत नसेल तर निःसंकोच माझ्याकडे या. आणि कुत्रे पाळण्याआधी या, पाळल्यानंतर नको.

पिल्लांचेही. चर्चच्या गेटशी पोत्यात भरून ठेवलेली पिल्ले मला गेल्या पावसाळ्यात दोनदा मिळाली. कोणी ठेवली ते मी शोधलेले नाही आणि शोधणारही नाही. पण कुत्रीचे ऑपरेशन करून घेतले असते तर ते पोते भरलेच नसते. यावर एका सद्गृहस्थांनी मला मोठ्या गंभीरपणे विचारले, “पण फादर, नसबंदीला तर चर्चची मनाई आहे ना?” ती शिकवण माणसांबद्दल आहे, विवाहाच्या संस्काराशी जोडलेली आहे. कुत्रीने विवाहाची शपथ घेतलेली नसते. खुशाल ऑपरेशन करा.

गोव्यात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथे २०१४ पासून राज्य सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेने मिळून काम केले. माणसे जाळ्या घेऊन गावोगाव, वाडोवाडी फिरली, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली, शाळांशाळांत जाऊन मुलांना शिकवले. एकूण कुत्र्यांपैकी सत्तर टक्के कुत्र्यांना लस पोचली की रोगाची साखळी तुटते, हे त्यांनी धरले होते. काही वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी रेबीजने माणूस दगावल्याची नोंद गोव्यात झाली नाही. त्यांत रस्त्यावरची कुत्रीही होती. आपल्या दारातल्या एका कुत्र्याचे काय अवघड आहे?

संतांमध्ये प्राण्यांचे म्हणून आपण फ्रान्सिसला ओळखतो. मला त्या बाबतीत पेरू देशातला संत मार्टिन द पोरेस अधिक जवळचा वाटतो. लीमा शहरात १५७९ साली जन्मलेला, बाप स्पॅनिश सरदार, आई गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय स्त्री. तो न्हावीकाम आणि जखमा बांधायचे काम शिकला, आणि डोमिनिकन मठात आजाऱ्यांची सेवा करू लागला. जखमी कुत्री-मांजरेही तो उचलून आणी. मठात ती चालेनात तेव्हा त्याने बहिणीच्या घरी त्यांच्यासाठी जागा केली आणि तिथे जाऊन मलमपट्टी करत राहिला. १९६२ साली त्याला संतपद मिळाले. त्या बहिणीचे कौतुक मात्र कोणी करत नाही. घर तिचे होते, घाण तिनेच काढली असणार.

२०२५ च्या जुलैअखेर नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण गुजरातला नेली तेव्हा आपला सगळा जिल्हा हळहळला. आपल्यातलेही कित्येक जण रडले, आणि त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. कोर्टात कोणाची बाजू बरोबर होती हा माझा विषय नाही. पण त्या वेळी एका बाजूला तिच्यावरची माया आणि दुसऱ्या बाजूला तिच्या पायांचे दुखणे व औषधपाणी, अशी दोन टोके सगळीकडे बोलली जात होती. माया आणि औषध ही दोन वेगळी घरे नसावीत, असे मला तेव्हा सारखे वाटत होते.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आपण कोणीच विसरणार नाही. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, वाहतूक दिवसचे दिवस बंद. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेली. बोटीत बसताना मांजर काखेत धरून आलेली माणसे आपण पाहिली, आणि साखळीला राहून गेलेली कुत्रीही पाहिली. अमेरिकेत २००५ च्या कतरिना वादळात पुष्कळांनी जनावरांना सोडून जायला नकार दिला, आणि त्यातून पुढच्याच वर्षी तिथे संकटकाळी पाळीव प्राण्यांचीही सोय करण्याचा कायदा झाला. आपल्याकडे कायद्याची वाट बघायला नको. बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागले की जनावरांची आधी सोय लावा. नेता येतच नसेल तर निदान गळ्यातली साखळी काढून जा. पूर ओसरल्यावर उंदरांच्या मुतामुळे लेप्टो पसरतो, तो कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. त्या चिखलात कुत्र्याला मोकळे सोडू नका, आणि तुम्हीही अनवाणी जाऊ नका.

पुढच्या रविवारची व्यवस्था अशी आहे. सकाळच्या मिस्सानंतर आधी हॉलमध्ये जायचे, मग आवारात. हॉलमध्ये जनावरांचे डॉक्टर बसतील, प्राण्यांना तपासतील आणि रेबीजची लस देतील. लसीचा खर्च महिला मंडळाने उचलला आहे. ज्यांची लस झाली आहे त्यांनी कार्ड सोबत आणावे. कार्ड हरवले असेल तरी या, डॉक्टर नवे करून देतील. कुत्री साखळीला किंवा पट्ट्याला, मांजरे टोपलीत किंवा बाजारच्या पिशवीत, तोंड सैल बांधून. आजारी प्राणी गर्दीत आणू नका, घरी ठेवा आणि मला सांगा. मिस्सा संपल्यावर डॉक्टर आणि मी दोघे घरी येऊ. या वर्षी म्हैसही चालेल, मात्र गेटबाहेरच्या लिंबाखाली बांधावी. मुलांनी प्राण्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आहेत. नळाशी दोन साबण ठेवले आहेत, ते घरी नेऊ नयेत.

पवित्र पाण्याची बादली धरायला तोच मुलगा असेल. त्याने स्वतः मागून घेतले आहे. बोटावरची खूण तो सगळ्यांना दाखवतो, तुम्हालाही दाखवील.

ख्रिस्ताठायी आपला,
धर्मगुरू